बैलाची खोड आणि कन्येचा लॅपटॉप

दिवाळीला घरात एखादी मोठी वस्तू आणावी अशी इच्छा मध्यमवर्गीय गृहस्थाला दरवर्षी होते, आणि दरवर्षी ती जुन्या आकाशकंदिलाबरोबर माळ्यावर जाऊन पडते. २०२५ च्या दिवाळीत मात्र आमच्या औशाच्या घरी तसे व्हायचे नव्हते. कन्या नांदेडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गेली होती. सौभाग्यवतींची भिशी लागली होती. भिशीचे पन्नास हजार रुपये कपाटात साड्यांच्या घडीखाली निवांत पडले होते आणि आम्ही तिघेही येता-जाता त्या कपाटाकडे पाहत होतो.

कन्येचा निर्णय केव्हाच झाला होता. तिला लॅपटॉप हवा होता. आणि तोही साधा नव्हे, गेमिंग लॅपटॉप.

‘गेमिंग’ हा शब्द ऐकताच माझ्यातला प्राध्यापक आणि बाप असे दोघेही एकदम जागे झाले. मी म्हणालो, “अगं, अभ्यासाला खेळाचं यंत्र कशाला?”

ती म्हणाली, “बाबा, नाव खेळाचं आहे. काम कुठलंही करता येतं.”

मग तिने मला आपल्या मनातले काम सांगितले. तिला औशाचा किल्ला संगणकात उभा करायचा होता. आमचा किल्ला भुईकोट. भोवतालची जमीन उंच आणि किल्ला खोलगटात, त्यामुळे दुरून येणाऱ्याला तो चटकन दिसतही नाही. १६३६ साली शाहजहानच्या खान-ए-दौराननाने उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले, एवढे आम्ही शाळेतल्या पोरांना सांगतो आणि पुढे सरकतो. कन्येने सुट्टीत खंदकाच्या कडेने फिरून तटाची आणि बुरुजांची शेकडो छायाचित्रे काढली होती. ब्लेंडर नावाची एक संगणकप्रणाली फुकट मिळते. तिच्यात ही छायाचित्रे समोर ठेवून ती एकेक बुरूज रचत होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक संध्याकाळी बंद होई आणि बुरूज अर्धवट राही. “मला रात्रीचं काम करता आलं पाहिजे,” ती म्हणाली. यावर बापाने काय बोलायचे?

पण या कामाला खेळाचेच यंत्र का लागते, हे मला नीट समजून घ्यायचे होते. जे समजले ते सांगतो. लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडव्या रांगेत १,९२० आणि उभ्या रांगेत १,०८० असे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. चित्र हलते दिसायचे असेल तर ही सगळी रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने घालायची. संगणकाचा मुख्य मेंदू हुशार खरा, पण त्याला हात थोडे. म्हणून त्याच्या जोडीला एक दुसरी चिप देतात. तिच्यात हजारो लहान हात असतात आणि ते सगळे एकाच वेळी कामाला लागतात. सोयाबीनच्या रानात वीस बायका एका ओळीत खुरपायला बसाव्यात, तसा हा प्रकार. हेच ते ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडिया नावाची अमेरिकन कंपनी १९९३ मध्ये निघाली आणि १९९९ मध्ये तिने आपले ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड जगातले पहिले ‘जीपीयू’ म्हणून विकायला आणले. ते होते खेळांसाठी. पुढे याच हजार हातांनी शास्त्रज्ञांची गणिते केली, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

आणि मराठीच्या मास्तराने तरी ग्राफिक्स कार्डाला नाक का मुरडावे? आमच्या लहानपणी संगणकाच्या पडद्याला इंग्रजीशिवाय दुसरे अक्षर ठाऊक नसे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले संशोधन पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. सी-डॅक ही १९८८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिथे ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार झाले. ते संगणकात बसवले की त्याच पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. त्या लांबलचक इंग्रजी नावातला पहिला शब्द ‘ग्राफिक्स’ हाच होता. म्हणजे पडद्यावरच्या माझ्या ‘क’ आणि ‘ख’ लाही एके काळी कार्डाचा आधार घ्यावा लागला होता. हे आठवल्यावर मी नाक सरळ केले.

प्रश्न पैशाचा राहिला. कन्येला हवा तसा नवा लॅपटॉप भिशीच्या पन्नास हजारांत बसत नव्हता. अशा वेळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा मुलगा पुण्यात एका लहानशा कंपनीत नोकरी करतो. २०२३ च्या पाडव्याला त्याने ८२ हजारांना एक गेमिंग लॅपटॉप घेतला होता. तो आता ४५ हजारांना विकायचा होता.

“पण सर, तुमच्याशी खोटं बोलणार नाही,” तो म्हणाला. “ड्रायव्हरचा थोडा प्रॉब्लेम आहे. अधूनमधून स्क्रीन काळी होते. बंद करून चालू केला की चालतो.”

मी फोन ठेवून ही वार्ता घरात सांगितली. आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, ते शेतावरून आले होते. संगणकाशी त्यांचा संबंध सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरता. ते तंबाखू मळत म्हणाले, “ड्रायव्हर वाईट आसंल तर काढून टाका की. दुसरा ठेवा. त्याच्यासाठी गाडी कशाला इकायलाय त्यो?”

आम्ही सगळे हसलो. कन्या मात्र हसली नाही. ती म्हणाली, “आबा बरोबर बोलले. पहिलं काम तेच करायचं असतं.”

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला कळले ते माझ्याच विषयातून. आमच्या आजोबांच्या तारुण्यात हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत कचेरीचा कारभार उर्दूत चाले. शेतकऱ्याने मराठीत गाऱ्हाणे सांगायचे, अर्जनवीसाने ते उर्दूत उतरवायचे, मग ते अंमलदारापुढे जायचे. लॅपटॉपमध्ये विंडोज एक भाषा बोलते आणि ग्राफिक्स कार्ड दुसरी. त्यांच्यामधला अर्जनवीस म्हणजे ड्रायव्हर. तो लोखंडाचा किंवा तांब्याचा नसतो. ती नुसती लिहिलेली आज्ञावली असते आणि ती पुसून दुसरी घालता येते. अर्जनवीसाने चुकीचे लिहिले तर चांगले गाऱ्हाणेही फेटाळले जाणार. पण अंमलदारच आजारी पडून खुर्चीवर कलंडला असेल, तर अर्जनवीस बदलून काय उपयोग? आणि बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दोन्ही वेळा एवढेच दिसणार, की काम झाले नाही.

सगळी अडचण इथेच होती. पडदा काळा होतो, हे त्या मुलाने स्वतः पाहिले होते. ड्रायव्हर बिघडला आहे, हे मात्र त्याने पाहिले नव्हते. तसे पडद्यावर लिहून येते म्हणून तो म्हणत होता. विंडोजची रीत अशी, की ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद काही उत्तरच दिले नाही तर ती त्याला हलवून पुन्हा उठवते आणि आपल्या वहीत ‘ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ अशी नोंद करते. विंडोजची गाठ अर्जनवीसाशी. तिला त्याच्या मागचा अंमलदार दिसत नाही. म्हणून नाव ड्रायव्हरचे लागते. दोष त्याचा असतो किंवा नसतो.

दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या अगदी नव्या कार्डांच्या मालकांचे पडदे काळे पडू लागले आणि कंपनीला एकामागून एक सुधारित ड्रायव्हर काढावे लागले. २०१० च्या मार्चमध्ये तर याच कंपनीने एक ड्रायव्हर परतच घेतला, कारण त्याने कार्डाच्या पंख्याचा कारभार बिघडवला होता. इथे अर्जनवीसच दोषी.

पण २००८ ची हकिगत उलटी आहे. त्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीतले साहित्य कमकुवत निघाले आहे, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी व बदलीसाठी तिने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. चिप तापे, निवे, पुन्हा तापे, आणि या खेपांत तिचे बारीक सांधे तडकत. काही लॅपटॉप कंपन्यांनी त्यावर पंखा अधिक वेळ फिरवणारी सुधारणा ग्राहकांना पाठवली. चिप थंड राहिली की ती जरा अधिक दिवस टिके, पण तडकलेला सांधा तसल्या सुधारणेने जुळत नाही. आम्हां औसा तालुक्यातल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर इथे कुणी घर विकत घ्यायला गेले, तर नव्या रंगाकडे न पाहता भिंतीवर हात फिरवून गिलाव्याखालची भेग शोधतो.

तेव्हा हा लॅपटॉप घ्यायचा की नाही, हा प्रश्न असा बदलला: काळ्या पडद्याचा दोष कुणाचा? ड्रायव्हरचा असेल तर ४५ हजारांत सोने मिळत होते. कार्डाचा असेल तर आम्ही ४५ हजारांना दुखणे विकत घेणार होतो. कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये हे कार्ड सुटे नसते. ते मदरबोर्डावर झाळलेले असते आणि गेले की बहुधा सगळा बोर्डच बदलावा लागतो.

खरे सांगायचे तर, मी हा हिशेब बाजूला ठेवून ‘हो’ म्हणायला निघालो होतो. त्याचे कारण त्या मुलाने फोनवर शेवटी, ओघात, सांगितले होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो कुणी विसरणार नाही. त्याच्या वडिलांची जमीन तेरणेच्या काठावर. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले आणि बांधाकडची माती वाहून गेली. हरभरा पेरायला, बियाण्याला आणि खताला पैसा हवा होता. पोराने आपल्या खोलीतली सर्वांत किमती वस्तू विकायला काढली होती.

“दोष असला तर असला,” मी रात्री म्हणालो. “पोराच्या उपयोगाला तरी पडू.”

सौभाग्यवती शेव तळत होत्या. त्या मागे न पाहताच म्हणाल्या, “भिशी माझी आहे. आधी वस्तू पाहू द्या.”

कन्या म्हणाली, “बाबा, त्याला मदत करायची असली तर करा. वस्तू घ्यायची असली तर वस्तू बघून घ्या. दोन्ही एकात मिसळलं तर उद्या स्क्रीन काळी झाली की तुम्हाला त्याचाच राग येईल.”

एकोणीस वर्षांच्या मुलीने बापाला असे बोलावे की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, याचे कारण तिचे बोलणे चुकीचे नव्हते.

वसुबारसेच्या दिवशी मुलगा लॅपटॉप घेऊन आला. आबा मुद्दाम थांबले होते. आमचे आबा म्हणजे हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात चाळीस वर्षे फिरलेला माणूस. देवणी जनावर दुरून चालीवरून ओळखतात. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव कसा करतात, हे मी लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून पाहिले आहे. मुलाने लॅपटॉप उघडला. किल्ल्या लाल-निळ्या उजळल्या, पडद्यावर झकास चित्र आले. मी म्हणालो, “चालतोय की चांगला!”

आबा म्हणाले, “बैल गोठ्यात उभा बगून कोन घेतंय का? दात मोजा, गाडीला जुपा, चढाला न्या. खोड आसंल तर चढाला कळंल.”

कन्येने नेमके तसेच केले. मुलाच्या संमतीने लॅपटॉप तीन दिवस आमच्याकडे ठेवला आणि एका वहीत तारीखवार नोंदी घातल्या.

पहिल्यांदा दात मोजले, म्हणजे कार्डाची पिढी पाहिली. ड्रायव्हर हा एकदाच घालून संपणारा प्रकार नाही; कंपनी वर्षानुवर्षे नवे काढत राहते आणि एक दिवस थांबते. एनव्हिडियाने २०१६ साली आलेल्या आपल्या पास्कल पिढीच्या कार्डांना नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील आणि पुढे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतील, असे त्याच वर्षी सांगितले. जुने यंत्र घेणाऱ्याने हे आधी पाहावे. आमच्या पाहुण्याचे कार्ड तरणे होते. ते कोणत्या कंपनीचे, हे सांगून कुणाच्या माथी खापर फोडण्याचा माझा हेतू नाही.

मग विंडोजची नोंदवही उघडली. मुलगा ‘अधूनमधून’ म्हणाला होता. वहीत मागच्या महिन्याच्या एकतीस नोंदी निघाल्या. मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “सर, मी मोजलं नव्हतं.” माझा त्याच्यावर विश्वास बसला. आपल्या घरातल्या गळक्या नळाचे थेंब कोण मोजतो?

आता चढ. कन्येने ब्लेंडरमध्ये आपला किल्ला उघडला आणि यंत्राला बुरूज रंगवण्याच्या कामाला लावले. पंखा एसटी घाटात चढावी तसा गुरगुरू लागला. एक बुरूज झाला, दुसरा झाला. तिसऱ्या बुरुजापाशी, अठराव्या मिनिटाला, पडदा काळा. चिपेचे तापमान होते ८७ अंश.

मग आबांचा सल्ला अमलात आला, ड्रायव्हर बदलला. त्याचीही रीत आहे. नुसते जुन्यावर नवे घालून भागत नाही, जुन्याचे अवशेष मागे राहतात. इंटरनेट तोडायचे, नाही तर विंडोज आपल्या मनाने तिसराच ड्रायव्हर आणून बसवते. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचे, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या फुकट साधनाने जुने मुळापासून काढायचे आणि मग लॅपटॉपच्या कंपनीने त्याच नमुन्यासाठी दिलेला ड्रायव्हर घालायचा. एवढे करून पुन्हा किल्ला. तिसऱ्या बुरुजापाशी पडदा काळा.

ग्राफिक्स कंपनीचा सर्वांत नवा ड्रायव्हर घातला. तिसऱ्या बुरुजाच्या थोडा पुढे पडदा काळा.

धनत्रयोदशीला लातूरच्या एका ओळखीच्या कारागिराकडून यंत्र उघडून साफ करून घेतले. पंख्यात पुण्याची दोन वर्षांची धूळ होती. चिपेवरचा वाळलेला लेप काढून नवा लावला. सातशे रुपये मी दिले. तापमान ७४ वर उतरले आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण पडदा काही ऐकला नाही. या वेळी चौथ्या बुरुजावर काळा झाला. शेवटी मुलाचे सामान दुसरीकडे उतरवून घेऊन विंडोजसुद्धा पुसली आणि कोरी घातली. फरक शून्य.

एक परीक्षा राहिली होती. अशा लॅपटॉपमध्ये मुख्य मेंदूबरोबर आलेले एक साधे, अशक्त ग्राफिक्सही असते. कन्येने मोठे कार्ड बंद केले आणि त्या साध्यावर यंत्र रात्रभर चालवले. काम गोगलगाईसारखे झाले, पण पडदा एकदाही गेला नाही. सकाळी तिने वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात शेवटची ओळ होती: ‘ड्रायव्हर निर्दोष. कार्ड आजारी.’

तीन ड्रायव्हर बदलूनही गाडी त्याच चढावर बंद पडत असेल, तर मग ड्रायव्हरला नावे ठेवण्यात अर्थ नसतो. इतके आबांनाही पटले. ते म्हणाले, “जित्याची खोड हाय ही.”

मी त्या मुलाला बोलावले. त्याला ‘नाही’ म्हणणे मला किती जड गेले ते मला ठाऊक. विद्यार्थ्याला नापास करताना मी कधी इतका चुळबुळलो नाही. कन्येने वही त्याच्या हातात दिली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. मग काही वेळाने म्हणाला, “आता हे कळल्यावर मी कुणाला ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणून विकू शकत नाही.” इतके बोलून तो गप्प बसला. त्याच्या हरभऱ्याचे बियाणे त्या वहीतच संपले होते.

सौभाग्यवती इतका वेळ फराळाचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “घेतलास कधी म्हणालास?”

“२०२३ च्या पाडव्याला, काकू.”

“मग अजून दोन वर्षं व्हायचीत की. दुकानदाराने गॅरंटी किती दिली होती?”

“एका वर्षाची होती, ती संपली,” तो म्हणाला. कन्येने तोवर यंत्राच्या पोटावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला होता. तिने पडदा आमच्याकडे फिरवला. पाडव्याच्या खरेदीवर कसल्याशा योजनेत आणखी एक वर्ष वाढवून मिळाले होते आणि ते त्या मुलाच्या ध्यानातही नव्हते. हमी १३ नोव्हेंबर २०२५ पर्यंत जिवंत होती. तो दिवस लक्ष्मीपूजनाच्या आधीचा.

भाऊबीज झाल्यावर यंत्र लातूरच्या सेवाकेंद्रात गेले. कन्येच्या वहीची नक्कल त्याने बरोबर नेली. ‘ड्रायव्हर बदलून पाहा’ असे सांगून परत पाठवण्याची सोयच त्या वहीने ठेवली नव्हती. ते सगळे आधीच करून झाले होते. नऊ दिवसांनी यंत्र परत आले. मदरबोर्ड नवा, खर्च शून्य, आणि बदललेल्या भागावर नव्वद दिवसांची हमी कागदावर लिहून.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. आता लॅपटॉपला पुण्यातले एक गिऱ्हाईक ५५ हजार द्यायला तयार होते. “पण सर, तुमच्यामुळे तो दुरुस्त झाला. तुम्हाला मी आधीच्याच भावाने देतो. ४५.”

मी आनंदाने घरात वळून हे सांगितले. पन्नासांतले पाच हजार उरणार होते आणि त्यांत माझ्या पुस्तकांचे कपाट होणार होते. सुतारही मी मनात ठरवला होता.

सौभाग्यवती म्हणाल्या, “त्याच्या हरभऱ्यातले दहा हजार आपल्या घरात नकोत. घ्यायचा तर पंचावन्नला घ्या, नाही तर त्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.”

मी कन्येकडे आशेने पाहिले. ती म्हणाली, “आई बरोबर बोलतेय. आता तो पंचावन्नचाच आहे.”

अशा रीतीने, जी वस्तू आम्ही ४५ हजारांना नाकारली तीच दोन-अडीच आठवड्यांनी ५५ हजारांना घेतली. कॉमर्सच्या आमच्या सहकाऱ्यांना हा व्यवहार मी अजून समजावून सांगू शकलेलो नाही. वरचे पाच हजार उत्तरपत्रिका तपासल्याच्या मानधनातून गेले. माझी पुस्तके अजून पलंगाखाली आहेत.

घेण्याआधी पुन्हा जुपून पाहिले, हे सांगायला नकोच. या वेळी मुलगा स्वतः समोर बसला होता. पहिला बुरूज झाला, दुसरा झाला. तिसऱ्या बुरुजापाशी आम्ही सगळे पुढे झुकलो. पंखा गुरगुरला. बुरुजाचे दगड एकेक करून उजळत गेले आणि यंत्र चौथ्याकडे वळले. मुलाने हातातला चहा तेव्हा कुठे तोंडाला लावला; तो निवून गेला होता.

जानेवारीत तो आला तेव्हा पिशवीभर हरभऱ्याचे डहाळे घेऊन आला. आबा अंगणात डहाळे सोलत बसले आणि कन्येने त्यांच्यापुढे लॅपटॉप धरून सगळा किल्ला फिरवून दाखवला. दुहेरी तट, दरवाजा, बुरूज, सारे. आबांनी बराच वेळ निरखून पाहिले. मग म्हणाले, “समदं बेस हाय. पर खंदकात पाणी न्हाई.”

“ते परीक्षा झाल्यावर भरणार आहे,” कन्या म्हणाली. “पाण्याला लई जोर लागतो, आबा.”